परत बांधणार कोण?

मित्रांनो, मी एक जुना फेटा आहे. खरे सांगायचे तर अर्धा फेटा. माझा दुसरा अर्धा भाग ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या एका फुटपाथवर रक्तात भिजला आणि तिथूनच कचऱ्यात गेला. लहान मुले ऐकत असतील तर त्यांना जरा खेळायला पाठवा, कारण माझी कहाणी एका स्ट्रिप क्लबच्या दारात घडली आहे आणि तिच्यात मारहाण पुष्कळ आहे.

मारहाण मला नवी नाही. कोल्हापुरात रंगाऱ्याने मला उकळत्या रंगात बुडवले, काठीने ढोसले, दगडावर आपटले, आणि मग दोघांनी दोन टोके धरून मला पिळून काढले. तेव्हा कुठे हा गुलबक्षी रंग चढला. नंदूमामाने मला स्वतःच्या लग्नासाठी महाद्वार रोडवरून घेतले. त्या लग्नात आहेरावरून दोन्हीकडच्या पाहुण्यांची जुंपली, खुर्च्या उडाल्या आणि मामाच्या सासऱ्यांचा पुढचा दात पडला. मी मामाच्या डोक्यावर बसून सगळे पाहिले. मी डोक्यावर चढलो की माणसांना जरा जास्तच जोर येतो, हे मला त्या दिवशी कळले.

तरी माझे दिवस मानाचे होते. मामा मला बांधायचा तेव्हा लोक जेवण सोडून बघायला यायचे. चुण्या एकसारख्या, वर ताठ तुरा, पाठीवर सोडलेला शेमला. पुढे रेडिमेड फेटे आले, टोपीसारखे घालायचे आणि टोपीसारखे काढायचे. मामा त्यांना ‘हेल्मेट’ म्हणतो. पण लोकांना तेच सोयीचे वाटू लागले आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. किती वर्षे, ते विचारू नका, मला अजून राग येतो.

मग मामाचा भाचा हृषिकेश याचे लग्न ठरले. हृषिकेश पुण्याचा इंजिनियर, डार्विनला नोकरीला. मुलगी मिताली, तिथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओ. साखरपुडा तिकडेच करायचा ठरला आणि मामा मला बॅगेत घालून विमानात बसला. साखरपुड्याच्या सकाळी त्याने मला हृषिकेशच्या डोक्यावर असे बांधले की मितालीच्या मैत्रिणीसुद्धा फोटो काढायला पुढे आल्या. “हलवू नकोस आता,” मामाने बजावले. “पाच वाजता बीचवर फोटोवाला येणार आहे. मी जरा पडतो. तुरा मोडलास तर मी पुन्हा बांधणार नाही.”

आता अजितबद्दल सांगतो. हा हृषिकेशचा जिवलग मित्र. शिकायला म्हणून आला आणि इथलाच झाला, गॅस प्लँटवर कामाला आहे. दुपारी मोकळा वेळ आहे म्हटल्यावर त्याने जाहीर केले, की नवऱ्यामुलाची बॅचलर पार्टी झालीच पाहिजे आणि ती अमुक क्लबमध्येच झाली पाहिजे. त्याला कारण होते. त्याच क्लबच्या दारातून अजितला पूर्वी दोनदा परत पाठवले होते. एकदा तो शिफ्टवरून थेट सेफ्टी बूट आणि पिवळ्या जॅकेटात गेला म्हणून. दुसऱ्यांदा पायात चपला होत्या म्हणून. दुसऱ्या वेळी मागची अख्खी रांग त्याला हसली होती आणि ते हसू त्याने मनात जपून ठेवले होते.

मित्रांनो, मला या जागेची मोठी गंमत वाटते. आत बायका कपडे उतरवतात आणि माणसे पैसे मोजून ते बघतात. आणि त्याच घराच्या दारावर पाटी, की कपडे नीट घालून या! चपला नकोत, बनियन नको, कामावरचे कपडे नकोत, टोपी नको. अजितने या वेळी पूर्ण तयारी केली होती. सगळ्यांना कॉलरचे शर्ट, सगळ्यांना नवे काळे बूट. पायापासून गळ्यापर्यंत त्याने एकेकाला तपासले. डोक्याचा विचार त्याला सुचला नाही.

दारात क्रेग नावाचा बाउन्सर उभा होता. डोक्यावर ऊन, हवेत पावसाआधीची ती चिकट वाफ, आणि काळ्या शर्टात तो घामाने निथळत होता. आमच्यातला गुरतेज आधी आत गेला. तो पंजाबी, त्याच्या डोक्यावर निळी पगडी. क्रेगने त्याला मान हलवून सोडले. मग हृषिकेशच्या छातीवर हात ठेवला.

“नो हॅट्स, मेट.”

“हॅट नाहीये ती,” अजित मध्ये पडला. “आणि त्याला कसं सोडलंस?”

“दॅट्स रिलिजस,” क्रेग म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवून त्याने हृषिकेशला विचारले, “इज दॅट रिलिजस?”

तो दाराची दोरी सोडायला तयार होता, मित्रांनो. मी पाहिले, त्याचा हात दोरीवर गेला होता. आतून गुरतेज ओरडला, “बोल दे हाँ, यार! बोल दे!” पण हृषिकेश पडला पुण्याचा. चुकीची माहिती देणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. त्याने चष्मा वर केला आणि सांगितले, “ॲक्चुअली, नो. इट्स कल्चरल.”

“देन इट कम्स ऑफ.”

हृषिकेशचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. “अजित, हा सोडला तर परत बांधणार कोण? मला येत नाही, तुला येत नाही. पाच वाजता फोटो आहेत. चल, आपण दुसरीकडे जाऊ.”

इतकेच झाले असते तर किती बरे झाले असते! पण मागे रांग होती आणि रांगेत कोणीतरी फिसकन हसले. अजितची मान लाल झाली. “नाही. आज परत जायचं नाही,” तो म्हणाला आणि त्याने क्रेगचा हात झटकला. क्रेगने त्याला ढकलले. अजितने शिवी दिली. मग क्रेगने मागून माझा शेमला धरला, “लूज द टी टॉवेल,” असे म्हणाला आणि हिसका मारला.

टी टॉवेल! भांडी पुसायचे फडके! माझा संताप झाला, पण तो एका क्षणापुरता. मामाने बांधलेला फेटा सहज सुटत नाही. मी सुटलो नाही, खाली सरकलो. कपाळावरून नाकावर, नाकावरून गळ्यात. क्रेग ओढतच राहिला आणि माझेच वेढे हृषिकेशच्या गळ्याभोवती आवळत गेले. चष्मा पडला, कुणाच्या तरी बुटाखाली फुटला. हृषिकेशचे डोळे मोठे झाले. तो बोटे माझ्यात खुपसून मला सैल करू पाहत होता आणि मी सैल होऊ शकत नव्हतो. ज्याच्या डोक्यावर सकाळी अक्षता पडल्या, त्याच माणसाचा मी जीव घेत होतो. मला ओरडता येत नाही, याचे इतके दुःख मला कधीच झाले नाही.

अजितने रांगेच्या दोरीचा लोखंडी खांब उचलला. जड बुडाचा तो खांब त्याने दोन्ही हातांनी फिरवला आणि क्रेगच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव बरगडीवर बसला. क्रेग मागे कोलमडला तो थेट काचेच्या दारावर. काच फुटली, आणि तिच्या एका मोठ्या तुकड्याने त्याचा उजवा हात कोपराजवळ उभा चिरला. रक्त आले ते थेंबाथेंबाने आले नाही. ते उसळत, थांबत, पुन्हा उसळत आले. रांग पळाली. अजित खांब धरून तसाच उभा राहिला, आणि मग तो खांब त्याच्या हातून गळून पडला.

आतून गुरतेज धावत आला. त्याने हृषिकेशच्या गळ्यातून मला एका झटक्यात सोडवले, क्रेगशेजारी गुडघे टेकले, माझे एक टोक दातात धरले आणि दुसरे त्याच्या दंडाभोवती फिरवू लागला. एक वेढा, दुसरा वेढा, प्रत्येक वेढा ओढून, दाबून, आधीच्यावर नीट बसवून. मी आयुष्यात इतका घट्ट कधी बांधला गेलो नव्हतो. मामाच्या हातूनसुद्धा नाही. गरम रक्त माझ्यातून आरपार गेले आणि हळूहळू त्याचे उसळणे कमी झाले.

हृषिकेश खोकत, गळा धरून बसला होता. घोगऱ्या आवाजात त्याने विचारले, “तुझे... बाँधना आता है?”

“रोज बाँधता हूँ, भाई,” गुरतेज म्हणाला. तो रडत होता. “किसी ने पूछा मुझसे?”

आठ मीटर कापड रोज सकाळी बांधणारा माणूस आमच्यापासून चार पावलांवर उभा होता. ‘परत बांधणार कोण’ या प्रश्नाचे उत्तर निळी पगडी घालून दाराच्या आतच थांबले होते आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते डोक्यात आले नाही. मला सोडले असते, आत नेले असते, बाहेर आल्यावर गुरतेजने पुन्हा बांधले असते. संपला विषय.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला कात्रीने कापले; दंडावरचा अर्धा भाग तिथेच कचऱ्यात गेला, उरलेला अर्धा पोलिसांनी पुरावा म्हणून नेला. क्रेग वाचला. त्याच्या उजव्या हाताची बोटे मात्र आता मिटत नाहीत. हृषिकेश आणि मिताली त्याला बघायला गेले, तेव्हा जबड्यातल्या तारांमधून त्याने कसेबसे विचारले, की त्या कापडाला म्हणतात काय. हृषिकेशने सांगितले. मितालीचे डोळे भरून आले. “नाव आत्ता विचारतोय हा?” ती मराठीत म्हणाली आणि खोलीबाहेर गेली.

कोर्टात मी प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. सरकारी वकिलांनी मला वर धरून ‘टॉवेलसारखे कापड’ म्हटले. साक्षीला उभ्या असलेल्या क्रेगने त्यांना थांबवले. “फेटा,” तो म्हणाला. “इट्स अ फेटा.” उच्चार अगदी बरोबर होता. न्यायाधीशांनी तो शब्द लिहून घेतला आणि अजितला तुरुंगात पाठवले. शिक्षा संपली की त्याला हा देशही सोडावा लागणार आहे.

केस संपल्यावर पोलिसांनी मला परत दिले. मितालीने मला कितीदा तरी धुतले. गुलबक्षी रंगावर डाग ओळखू येत नाहीत, पण ते मला जाणवतात. लग्न झाले, साधेपणाने, आणि त्यात कोणीही फेटा बांधला नाही. मामाने तसा विषयच काढला नाही.

गेल्या रविवारी हृषिकेश अजितला भेटायला निघाला. अजितने फोनवर विचारले होते, “फेटा आहे का रे अजून? एकदा बघायचाय.” म्हणून हृषिकेशने मला गळ्याभोवती गुंडाळले. मी जितका सैल राहता येईल तितका सैल राहिलो. शहराबाहेरच्या त्या तुरुंगाच्या दारावरही पाटी होती. चपला नकोत, बनियन नको, कामावरचे कपडे नकोत, टोपी नको. तीच यादी, मित्रांनो, जवळजवळ त्याच क्रमाने.

पहाऱ्यावरच्या बाईने माझ्याकडे बोट दाखवले. “रिलिजस?”

“नो,” हृषिकेश म्हणाला. त्याने मला स्वतःच्या हाताने सोडले, नीट घडी घातली आणि बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवले. दार उघडले. तो आत गेला.

मी अंधारात पडून राहिलो. माझा मान कुठेही गेला नाही. मित्रांनो, मला डोक्यावर जरूर बांधा, पण कोणी उतरव म्हटले तर उतरवा, आणि शेजारी उभ्या असलेल्याला विचारा की परत बांधून देशील का. आणि दुसऱ्याच्या अंगावरच्या कापडाला हात घालायची वेळ आलीच, तर आधी त्या कापडाचे नाव विचारा. अजितला त्या दिवशी मी दिसलो नाही. पुढच्या खेपेलाही दिसणार नाही. तिथला नियम तसा आहे.