आरतीच्या जागी

प्रियदर्शनीचा खांदा मागच्या वर्षी बेसबॉलच्या एका सामन्यात गेला. थर्ड बेसवरून, म्हणजे मैदानातल्या तिसऱ्या टप्प्यावरून, तिनं जीव खाऊन फेकलेला चेंडू बरोबर पोचला, समोरची मुलगी बादही झाली, पण हिचा उजवा हात मात्र पुन्हा कधी खांद्याच्या वर नीट गेला नाही. डॉक्टरांनी फेकणं कायमचं बंद करायला सांगितलं. बॅट फिरवायला हरकत नव्हती, आणि अमरावतीच्या मुलींच्या बेसबॉल संघात तिच्यासारखी बॅट दुसऱ्या कुणाची नव्हती.

अशा खेळाडूसाठी बेसबॉलमध्ये एक जागा असते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, बहुतेक वेळा बॅटिंगला कच्ची असते. तिच्या बदली फक्त बॅटिंग करायला एक मुलगी घेता येते. ती मैदानात उभी राहत नाही, चेंडू फेकत नाही, पिचरचा नंबर आला की बॅट घेऊन जाते. तिला डीएच म्हणतात. घ्यायची की नाही हे संघानं सामन्याआधी ठरवायचं असतं.

अमरावतीची पिचर होती आरती. शाळेपासूनची मैत्रीण. खांदा गेला तेव्हा प्रियदर्शनी महिनाभर मैदानाकडे फिरकली नव्हती, तेव्हा आरतीच घरी येऊन बसली होती.

"माह्या जागी तूच मारशील," ती म्हणाली होती. "दुसऱ्या कोणाचं नाव मी सरांले घेऊच देणार नाई."

त्या एका वाक्यावर प्रियदर्शनी परत उभी राहिली. हिवाळाभर दोघी पहाटे मैदानावर जायच्या. आरती टाकायची, ही मारायची. वळणारा चेंडू टाकण्याआधी आरतीचं कोपर किंचित वर जातं हे हिनंच तिच्या लक्षात आणून दिलं, आणि ती सवय मोडेपर्यंत रोज टोकत राहिली. मग एक दिवस आरती म्हणाली, मलाही चार फटके शिकव, नुसतं टाकून कंटाळा येतो. प्रियदर्शनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. उजवा हात चालत नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं खालून चेंडू उडवून द्यायची. पाय कुठे ठेवायचे, नजर कधी उचलायची, कंबर आधी की हात आधी, जे तिला येत होतं ते सगळं तिनं दिलं. आरती झपाट्यानं शिकली. पहिल्यांदा तिचा चेंडू कुंपणापार गेला तेव्हा टाळ्या वाजवणारी प्रियदर्शनीच होती.

अंतिम मालिका अकोल्याला होती, अकोल्याच्याच संघाशी. तीन सामन्यांतले दोन जिंकायचे. राज्याचे निवडकर्ते बघायला येणार होते. प्रियदर्शनीचे वडील मोतीराम नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला. त्यांनी मालिकेच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली आणि पोरगी अकोल्यात खेळणार असल्याचं सगळ्या पाळीला सांगून ठेवलं.

पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षक गोवर्धन सरांनी संघ वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, डीएच घेत नाही, आरती स्वतःच बॅटिंग करेल. प्रियदर्शनीनं आरतीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. सरांचा निर्णय, तिला बिचारीला काय बोलता येणार, असं समजून प्रियदर्शनी बाकावर जाऊन बसली.

आरतीनं तो सामना गाजवला. उभी राहिली ती प्रियदर्शनीसारखी, फटक्याआधी टाच आपटली तीही तिच्यासारखीच. दोन धावा तिच्या बॅटवर आल्या आणि अमरावती जिंकली. प्रियदर्शनी बाकावरून ओरडत होती. तिला खरंच आनंद झाला होता.

दुपारी जेवताना सर ताट घेऊन तिच्या शेजारी बसले. म्हणाले, इतक्या वर्षांत अशी खेळाडू पाहिली नाही. आपली जागा अशी हसत सोडायला मोठं मन लागतं.

तिला कळेना. कोणती जागा, तिनं विचारलं.

"आरती बोलली मले मागेच," सर म्हणाले. "तूच म्हटलं ना तिले, खांद्याचा भरवसा नाई, माह्याऐवजी तूच मार म्हणून?"

हातातला घास तिनं ताटात ठेवला. "सर, मी असं कधीच म्हटलं नाई."

 सर पाण्याचा ग्लास उचलत म्हणाले की, हे आधी समजायला हवं होतं. आता जिंकलेला संघ कसा बदलायचा? उद्या हरलो तर तिसऱ्या सामन्यात तुझं नक्की बघू. ताट घेऊन ते उठले.

आरती नळावर हात धूत होती. प्रियदर्शनी समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा काय झालं हे आरतीला न सांगताच कळलं. तिनं नाकारलं नाही. निवडकर्त्यांना बॅटिंग येणारी पिचर हवी आहे, अकोल्याच्या पिचरला बॅटिंग येते, पिचरची जागा एकच आहे, हे तिनं एका दमात सांगितलं.

"मंग मले सांगायचं होतं," प्रियदर्शनी म्हणाली.

"सांगतलं असतं तर तू शिकोलं असतं काय मले?"

"हो. शिकोलं असतं."

 आरतीनं टी-शर्टला हात पुसले, आणि वाट काढून निघून गेली.

त्या संध्याकाळी सगळ्यांच्या गप्पांत प्रियदर्शनी बसली, पण तिच्या कानांत काहीच शिरत नव्हतं. हिवाळ्यातली एकेक पहाट ती आठवत होती. आरतीनं फटके शिकव म्हटलं, तेव्हाच तिच्या मनात हे होतं का? की नंतर आलं? कुंपणापार गेलेल्या चेंडूवर आपण टाळ्या वाजवत होतो, तेव्हा ती काय विचार करत असेल? याचं उत्तर मिळणार नव्हतं, आणि मिळालं असतं तरी त्यावर आता विश्वास कसा ठेवायचा हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोतीराम सकाळच्या एसटीनं आले. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच रांगेत बसले. सामना मध्यावर आला तरी पोरगी उठेना, म्हणून कुंपणाजवळ आले.

"तू काहून बसून राहिली वं?"

"माहा नंबर तिसऱ्या सामन्यात हाय, बाबा."

ते जाऊन पुन्हा जागेवर बसले. प्रियदर्शनी बॅटवर हात ठेवून सामना पाहत होती, आणि आपला संघ हरावा असं आपल्याला वाटतंय हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली. आरतीनं तिच्यावर आणलेली ही सगळ्यात वाईट वेळ होती.

अमरावती दुसराही सामना जिंकली. तिसरा झालाच नाही. मुली नाचल्या, प्रियदर्शनीच्याही गळ्यात पदक पडलं. राज्याच्या शिबिरासाठी आरतीचं नाव पुकारलं गेलं.

संघाच्या गाडीनं परतायला प्रियदर्शनीनं नकार दिला आणि ती वडिलांबरोबर बसस्टँडवर आली. मागोमाग आरतीही रिक्षा करून आली. मोतीराम तिकिटांची चौकशी करायला गेले होते.

"शिबिराआधी थोडे दिवस हायेत," आरती हळू आवाजात म्हणाली. "सकाळी येशील ना?"

इतकं सगळं होऊन ती हे विचारू शकते, याचंच प्रियदर्शनीला नवल वाटलं.

"नाई येणार."

"एवढा राग नको धरू वं. माही चूक झाली."

"चूक नाई झाली. तू ठरवून केलं." तिचा आवाज चढला नाही. "जा आता. गाडी थांबली असंन तुह्यासाठी."

आरती रिक्षात बसून गेली. या वेळी प्रियदर्शनीनं तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

एसटीत मोतीरामांनी खिडकीची जागा तिला दिली. पदक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.  मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "उद्या पाळीवर सगळे विचारतीन, पोरीनं किती मारले म्हणून. काय सांगू?"

तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. हिवाळ्यातल्या पहाटा, कोपर, डावा हात, सरांचं ताट. रडू मात्र आलं ते, बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून उगाच बसावं लागलं, हे सांगताना.

मोतीरामांनी पदक तिच्या पिशवीत ठेवलं. पुढच्या थांब्यावर उतरून परत जावं, त्या सरांना दोन शब्द विचारावेत, असं ते म्हणाले. तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

"खरं तेच सांगा उद्या, बाबा. मले घेतलं नाई, एवढंच सांगा."

"बरं," ते म्हणाले. बडनेरा येईपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही.