तेरावं फूल

पोस्टकार्ड वैजापूरहून आलं होतं. वर श्री, खाली वळणदार अक्षरात चार ओळी. आपण मंडळी येऊन गेलात, आनंद वाटला. मुलगाही सोबत आला असता तर बरं झालं असतं. त्याला पाहिल्याशिवाय निर्णय कसा कळवावा?

बन्सीनं कार्ड दोनदा वाचलं. मुलगा म्हणजे तोच. वैजापूरला तो अडीच तास बसला होता, दोन बशा पोहे खाल्ले होते, निघताना मुलीच्या वडिलांना वाकून नमस्कारही केला होता. ते तेव्हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते, एवढंच.

असं तिसऱ्यांदा होत होतं. गंगापूरला पोह्यांची एक बशी कमी पडली होती आणि ती नेमकी त्याचीच होती. पैठणला तर सोबत म्हणून नेलेला मित्र बद्रीनाथच मुलीकडच्यांनी पसंत करून टाकला. बद्रीनाथला आता दोन मुलं होती, आणि दर दिवाळीला भेटला की तो बन्सीचा हात हातात घेऊन म्हणायचा, तुझ्यामुळं माझा संसार उभा राहिला.

बन्सी दिसायला वाईट नव्हता. तो दिसतच नव्हता. भर दुपारी आभाळात चंद्र असतो, पण वर मान करून कोण बघतं, तसं त्याचं होतं. औरंगाबादच्या ज्या कचेरीत तो कारकून होता तिथं शिपायानं दोनदा त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं होतं. बिडकीनला घरी गेला तर वडील पुंजाराम म्हणायचे, आरं तू कधी आलास, आणि तो येऊन जेवून हात धूत असायचा. आईचा, साळूबाईचा, मात्र त्याच्यावर फार जीव. जात्यावर बसली की सगळ्या लेकरांच्या ओव्या गायची, आणि बन्सीची पाळी आली की आवाज मऊ करायची:

माझ्या गं अंगणात, उभं लिंबाचं गं झाड
बाळ माझा बन्सी, उभा सावलीच्या आड

गल्लीतल्या बाया हसायच्या. आईच्या ओवीतसुद्धा बिचारा आडच उभा.

चौथं स्थळ मामांनी आणलं. मामांचं नाव काकासाहेब. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. मुलगी शहरातलीच, उस्मानपुऱ्यातली. वडील रामकिसन पाटबंधारे खात्यात. पोरगी वच्छला, शिवणकामात हुशार. हे सगळं सांगून झाल्यावर मामांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बन्सी, या खेपंलाबी नाय दिसलास तर पुढच्या वेळी मी एकटाच जातो. तसंबी काय फरक पडत नाय."

त्या बोलण्यानं बन्सीची झोप गेली. पांढरा सदरा घालून तीन वेळा गेलो आणि तीन वेळा विरघळलो, हे त्याला पटलं. आता असं काहीतरी अंगावर घालायचं की आंधळ्यानंही वळून बघावं.

रविवारी तो शहागंजात गेला. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसलेले. बन्सीनं समोर उभं राहून तीनदा खाकरलं तेव्हा त्यांना गिऱ्हाईक आल्याचं कळलं. काय हवंय हे ऐकल्यावर मात्र त्यांनी उठून मागच्या फळीवरून एक तुकडा काढला आणि झटकून उलगडला. दुकानात उजेड पडल्यासारखं झालं. लिंबासारखा पिवळाजर्द रंग आणि त्यावर जांभळी सूर्यफुलं. एकेक फूल भाकरीएवढं.

"मियाँ, पूरे मराठवाडे में एकीच थान आया था," चाचा म्हणाले. "अब इत्ताच टुकडा बचा है."

बन्सीच्या काळजात घंटा वाजली. एकच थान, एकच तागा, आणि त्यातला शेवटचा तुकडा. म्हणजे असा शर्ट दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसणं शक्य नाही. बाकीचं थान कुणी नेलं हे त्यानं विचारलं नाही. कोण विचारतं?

गुलमंडीच्या कोपऱ्यावरच्या शिंप्यानं कापड हातात घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं. हे अंगालाच शिवायचं ना, एवढंच त्यानं विचारलं. मग मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला. कॉलर त्या काळच्या चालीप्रमाणं कुत्र्याच्या कानासारखी लांब काढली, आणि एक अख्खं फूल बरोबर छातीवर आणलं. बटणं लावली की दोन अर्धी फुलं एकमेकांना भेटायची, रेषाभरही फरक नाही. शर्ट देताना तो म्हणाला, जिथं जाल तिथं माझं नाव सांगू नका.

आणि खरंच, पाहायला जायच्या दिवशी बन्सी दिसला. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यानं त्याच्याकडं पाहिलं. सायकलवरची पोरं वळून वळून बघत गेली. एका म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक शेळी पार क्रांती चौकापर्यंत त्याच्या मागं आली. एक मधमाशी छातीवर उतरली, फुलावर दोन चकरा मारल्या आणि नाराज होऊन उडून गेली. पुढं रिक्षात साळूबाई लेकाच्या शेजारी बसून डोळे किलकिले करत होती, पण मनात म्हणत होती, दिसू दे माय, एकदा दिसू दे.

दार सारजाबाईंनी उघडलं, मुलीच्या आईनं. त्यांना चष्मा होता, पण चष्म्यात आपण फार पोक्त दिसतो असं त्यांना वाटे. म्हणून पाहुणे यायच्या दिवशी तो त्या पिठाच्या डब्यात ठेवत. या, बसा, असं त्या अंदाजानं तीन दिशांना म्हणाल्या आणि आत पाण्याला गेल्या. रामकिसन कोपऱ्यावर पान आणायला गेले होते.

"खिडकीपाशी बस," मामा बन्सीला म्हणाले. "उजेडात नीट दिसशील."

बन्सी खिडकीपाशी लोखंडी कॉटवर बसला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं अजून अंधारी होती. ती हळूहळू विरळ झाली. सगळ्यात आधी साळूबाईला दिसलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

बन्सीच्या डावीकडं पडदा होता, उजवीकडं पडदा होता. दोन्ही लिंबासारखे पिवळेजर्द, दोन्हींवर जांभळी सूर्यफुलं, भाकरीएवढी. खाली कॉटवर तीच चादर. कोपऱ्यातल्या रेडिओला तोच झगा. माठावरच्या झाकणालासुद्धा त्याच कापडाची झालर. अख्ख्या मराठवाड्यात आलेलं ते एकच थान या एका खोलीत नांदत होतं, आणि त्यातून चुकलेला शेवटचा तुकडा आज आपल्या पायांनी चालत घरी आला होता.

बन्सी उठून दुसरीकडं बसणार, तेवढ्यात रामकिसन उन्हातून आत आले. त्यांनी मामांना मिठी मारली, साळूबाईला नमस्कार केला, पानाचा पुडा ठेवला. खोलीभर नजर फिरवली. ती बन्सीवरून अशी गेली जशी पडद्यावरून जावी.

"आणि मुलगा?" त्यांनी विचारलं. "मागून येतोय का?"

मामांनी सांगायला तोंड उघडलं. पण आनंदाच्या भरात त्यांनी नुकतंच एक पान तोंडात कोंबलं होतं, ते सावरता सावरता त्यांच्या तोंडून नुसता फुर्रर्र असा आवाज निघाला. साळूबाईला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. बन्सीनं 'मी' म्हणायचा प्रयत्न केला, पण तो शब्द त्याला कधीच नीट येत नसे.

सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काय हे उकडतंय, वारा म्हणून नाही, असं पुटपुटत त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी पडदा सरकवायला हात घातला. हातात आली ती बन्सीची बाही. त्यांनी ओढली. येईना. मग त्यांनी जरा जोर लावला. बाहीसोबत बन्सीही उठला, कारण वडीलधाऱ्या माणसाला अडवणं त्याला बरं वाटेना.

"नमस्कार," पडदा म्हणाला.

सारजाबाईंच्या हातून तांब्या सुटला. अर्धं पाणी चादरीवरच्या फुलांना मिळालं, अर्धं बन्सीच्या. रामकिसन पुढं धावले, मामांनी पान गिळलं, आणि हाच आमचा बन्सी, असं एकदाचं सांगितलं.

मग सगळे एकदम बोलू लागले. रामकिसन म्हणाले, कापड चांगलंय, चाचांनी मलाही सांगितलं होतं, थान एकच आलंय. साळूबाई म्हणाली, रंग लई गोड. मामा म्हणाले, दोन्ही घरांची आवड जुळली, निम्मं लग्न तर इथंच जमलं. सारजाबाई म्हणाल्या, धुतलं तरी रंग जात नाही बघा. मनातलं कुणीच बोलत नव्हतं आणि प्रत्येकजण मान डोलावत होता. मधोमध बन्सी ओला होऊन बसला होता. खिडकीतून वारा आला तर आपण पडद्यासारखं हलकेच बाहेर उडून जावं, आणि उद्या येणारं पोस्टकार्ड कुणी वाचू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. ते कसं असणार हे त्याला पाठ होतं.

तेवढ्यात आतल्या दारातून वच्छला पोह्यांचा ट्रे घेऊन आली. साधी हिरवी साडी, बोटाला सुई टोचल्याची खूण. सगळ्यांना वाटलं ती आधी मामांकडं जाईल, कारण मामांनी हात पुढं केलाच होता. ती सरळ खिडकीकडं गेली आणि पहिली बशी बन्सीच्या हातात दिली. बोटसुद्धा चाचपडलं नाही.

साळूबाईनं रीतीप्रमाणं विचारलं, काय काय येतं बाई तुला. वच्छलानं सांगितलं, शिवण येतं, हे पडदे, चादर, रेडिओचा झगा, सगळं मीच शिवलंय. मग मामा भाच्याला म्हणाले, तुलाही काही विचारायचं असंल तर विचार, लाजू नको.

बन्सीनं तीन प्रश्न पाठ करून आणले होते. शिक्षण किती, वाचनाची आवड आहे का, खेडं आवडतं का शहर. तिन्ही घामात वाहून गेले होते. उरला तो एकच.

"तुम्हाला हे कापड आवडतं?"

वच्छलानं एकदा वडिलांकडं पाहिलं. रामकिसन रेडिओकडं बघत होते.

"नाय," ती म्हणाली. "शिवताना माझं डोकं दुखायचं. बाबांनी हौसेनं आणलं, म्हणून शिवलं." आणि मग हळूच, "तुम्हाला?"

"मलाबी नाय."

"मग घातलं कशाला?"

बन्सीनं बशी खाली ठेवली. इतकी माणसं आपल्याकडं एकाच वेळी बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्याला फक्त एकच माणूस दिसत होतं.

"मी कुणाला दिसत नाय," तो म्हणाला. "तीन ठिकाणी जाऊन आलो, कुणालाच दिसलो नाय. म्हणलं, एकदा तरी दिसावं."

साळूबाईनं डोळ्यांना पदर लावला. वच्छलाच्या ओठांचा कोपरा थरथरला. ते रडू नव्हतं.

"मला तर दिसलात की," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तवाच दिसलात. मी आतनं बघत होते. या खिडकीत माझी बारा फुलं हायेत, शिवताना मोजलेली. आज तेरा भरली. आणि तेराव्याला घाम आला होता. पडद्याला घाम येतो व्हय?"

बन्सी हसला. तो हसला की त्याचा उजवा कान जरा वर जातो, हे आजवर त्याच्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आता दोघींना झालं.

पोस्टकार्ड आठव्या दिवशी आलं. बन्सीनं ते कचेरीत, शिपायादेखत, मोठ्यानं वाचलं. अक्षर रामकिसनांचं होतं, मजकूर बहुधा दुसऱ्या कुणाचा: मुलगा आला होता. मुलीनं पाहिला. पसंत आहे. लग्नात साधा पांढरा सदरा घालावा, आम्ही शोधून काढू.

लग्न बिडकीनला झालं. घास भरवताना बायांनी वच्छलाला घेरलं, नाव घे, नाव घेतल्याशिवाय सोडणार नाय म्हणाल्या. वच्छलानं लाजायला वेळ घालवला नाही:

पडद्यावर फुलं बारा, तेराव्याला फुटला घाम
बन्सीरावांचं नाव घेते, तिथंच झालं माझं काम

लग्नाचा एकच फोटो निघाला, सगळ्या वऱ्हाडाचा. फोटोवाला 'हलू नका' म्हणाला आणि नेमके त्याच क्षणी काकासाहेब मामा फेटा सावरत पुढं सरकले. फोटोत मामांचा फेटा आहे, साळूबाईचा नथीसकट चेहरा आहे, रामकिसन आहेत, सारजाबाई चष्म्याविना भलतीकडंच बघतायत. नवरदेव नाही. आल्यागेल्याला फोटो दाखवला की तो विचारतो, अहो, मुलगा कुठाय? वच्छला हातातलं शिवण बाजूला ठेवते आणि न शोधता, फेट्यामागून डोकावणाऱ्या उजव्या कानावर बोट ठेवते. कान जरा वर गेलेला असतो.