एल्महॉलोचं एक मत

पिकफर्ड–एल्महॉलो हा मतदारसंघ जन्माला आल्यापासून एकदाही चुकला नाही. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात ज्याचं सरकार येणार, त्याचाच माणूस इथून निवडून जाणार. लाल पक्षवाले आले तेव्हा इथे सगळे पिढीजात लाल होते, आणि निळे आले तेव्हा तेच लोक आजोबांपासून निळे निघाले. नारिंगीवाल्यांचं सरकार कधी आलंच नाही, म्हणून नारिंगी रंग इथे फक्त ऑक्टोबरात, हॅलोवीनला दारापुढे ठेवलेल्या भोपळ्यांवर दिसायचा. याला साध्या भाषेत जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो म्हणतात. टोरांटोचे टीव्हीवाले मात्र याला देशाची नाडी म्हणत.

आणि ही नाडी बघायला ते दर निवडणुकीला लॉर्न हॅल्चुककडे येत. लॉर्नचं मोठ्या रस्त्यावर गालिच्यांचं दुकान होतं, आता तो निवृत्त होता. एका निवडणुकीत त्याने कॅमेऱ्यासमोर सहज सांगितलं की आपलं मत आजवर कधी हरलेलं नाही. झालं. तेव्हापासून तो 'कधीच न चुकणारा माणूस' झाला. डोनटच्या दुकानात त्याला खिडकीजवळ बसवायचे, समोर कॉफीचा मग ठेवायचे आणि देशाचं काय होणार ते विचारायचे. त्यासाठी त्याने ना लाल ना निळा, असा एक करडा स्वेटरही घेऊन ठेवला होता.

त्याच्या यशाचं गुपित अगदी साधं होतं. त्याला मतच नव्हतं. मत द्यायला आधी मत असावं लागतं ही लोकांनी पसरवलेली अफवा आहे, असं तो जवळच्यांना सांगायचा. त्याने गिऱ्हाइकांना कधी हा गालिचा चांगला की तो चांगला हे सांगितलं नव्हतं. लोक कुठल्यावर जास्त वेळ उभे राहतात ते बघायचं आणि तोच गुंडाळायला घ्यायचा. निवडणुकीतही तेच.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना सीमा आखणाऱ्या आयोगाने घोळ घातला. दहा वर्षांनी एकदा तो येतो आणि चार गल्ल्या इकडच्या तिकडे करतो. पण यंदा त्याने नावालाच हात घातला. या देशात मतदारसंघाच्या नावात प्रत्येक वस्तीला आपलं नाव हवं असतं, त्यामुळे काही नावं लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी लांबतात. आयोगाने पिकफर्ड तसंच ठेवलं, पुढची रेघही ठेवली, आणि रेघेच्या पलीकडे एल्महॉलो काढून लेकमाउंट घातलं. लेकमाउंटला ना तळं होतं ना डोंगर. होते ते नवे कोरे फ्लॅट.

लॉर्नची बायको मर्ना हिने ती बातमी न्याहारीच्या टेबलावर वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

"मी उभी राहते," ती म्हणाली.

"कुठे?"

"निवडणुकीला."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

लॉर्नने टोस्ट खाली ठेवला. "पण कशासाठी?"

"नावासाठी."

"नावासाठी तर सगळेच उभे राहतात, मर्ना."

"मी एल्महॉलोच्या नावासाठी. एक शब्द परत हवाय मला, बाकी काही नको. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा बसच्या पाटीवर तोच शब्द बघून उतरले होते."

मर्ना बोलायला लागली की थांबत नसे असं नाही. उलट ती फारशी बोलतच नसे. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेली बाई, लोकांना गप्प बसवायची सवय आधी स्वतःपासून लावून घेतलेली. त्यामुळे ती उभी राहते म्हणाली तेव्हा लॉर्नला तो विनोद वाटला. पण तिने खरोखर सह्या गोळा केल्या, अर्ज भरला, आणि गॅरेजमध्ये बसून पिवळ्या पाट्या रंगवायला घेतल्या.

पाट्या हां हां म्हणता गल्लीभर लागल्या. कारण या गल्लीत नाही म्हणायची रीतच नव्हती. 'वा, छानच की' याचा अर्थ नाही. 'विचार करतो हं' याचा अर्थ अजिबात नाही. आणि 'माझ्या अंगणात दोन लाव' याचा अर्थ काय, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारची दिओलिंडा तेच म्हणाली. समोरच्या रॉस किलगरने तर पाटी स्वतः हातोडीने ठोकली आणि मतमोजणीला मर्नाच्या बाजूने मीच बसणार म्हणून हट्ट धरला. त्याच्या मागच्या अंगणात निळी पाटी होती, पण ती रस्त्यावरून दिसत नव्हती.

एका संध्याकाळी जेवताना मर्ना लॉर्नला म्हणाली, "मी तुझ्याकडे मत मागणार नाही."

"का?"

"दारोदार मागत फिरते ते पुरे. घरात नाही मागायची. तुझा तो टीव्हीवरचा मान आहे. तुला पटेल ते कर, आणि मला सांगू नकोस."

तिने मागितलं असतं तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला माणूस थापा मारू शकतो, चिडू शकतो, अटी घालू शकतो. न मागणाऱ्या बायकोपुढे काय करायचं? मर्ना निवडून येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिला मत द्यायचं म्हणजे जन्मात पहिल्यांदा हरणाऱ्याला मत द्यायचं. म्हणजे खिडकीजवळची ती खुर्ची गेली, टीव्हीवर नावाखाली येणारी ती ओळ गेली. आणि नाही द्यायचं, तर उरलेलं आयुष्य तिच्यासमोर बसून सूप प्यायचं. लॉर्नची झोप उडाली. खोटं कशाला सांगा, त्याला तिचा रागही आला.

डोनटच्या दुकानात किलगर त्याला रोज टोचायचा. "काय मग लॉर्न, विक्रम की बायको?"

"गप बस."

"मी तुझ्या जागी असतो तर विक्रम. बायको काय, जेवायला घालतेच. टीव्हीवाले पुन्हा येतील का?"

टीव्हीवाले आलेच. या वेळी तामारा नावाची तरुण बातमीदार होती. तिने मायक्रोफोन त्याच्या करड्या स्वेटरला अडकवला आणि गोड हसली. "मिस्टर हॅल्चुक, यंदा तुमची पंचाईत आहे म्हणे?"

"मत गुप्त असतं," लॉर्न म्हणाला.

"आजपर्यंत नव्हतं ना पण तुमचं?" ती म्हणाली. "काळजी करू नका. विक्रम मोडला तरी बातमी, नाही मोडला तरी बातमी. आमचं नुकसान नाही."

मतदानाच्या दिवशी नवराबायको मिळूनच शाळेत गेले. खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, सगळ्या गल्लीला मिळून एक पेटी. मर्ना आधी गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे वाकली आणि लगेच बाहेर आली, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं इतक्या सहज. मग लॉर्न गेला.

आडोशामागे बोथट पेन्सिल होती आणि मतपत्रिका. त्याचा हात सवयीने निळ्या उमेदवाराकडे वळला. यंदा निळे येणार हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. आणि तिथेच खाली छापलं होतं, हॅल्चुक. आपलं आडनाव त्याने दुकानाच्या पाटीवर पाहिलं होतं, बिलांवर पाहिलं होतं, पण असं, कोणीतरी निवडावं म्हणून छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याला आठवलं, दुकानात एवढे गालिचे विकले पण हा घे असं आपण आयुष्यात कोणाला म्हणालो नाही. त्याने मर्नाच्या नावापुढे फुली मारली. पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं.

बाहेर आल्यावर त्याला एकदम तरुण वाटलं. मर्नाला सांगायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं. तिची अटच होती तशी. शिवाय सांगायची गरजही नव्हती. पेटीपेटीची मोजणी वेगळी होते. एक मत तिचं स्वतःचं, आणि बाकी कोणाचं नाही आलं तरी दुसरं कोणाचं हे तिला कळेलच. तो चेहरा बघायचा होता त्याला.

निळे आले. ओटावातही आले आणि पिकफर्डातही आले. मतदारसंघ नाव बदललं तरी स्वभाव विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्नाने गॅरेजमध्ये सगळ्यांना आभाराचं बोलावलं. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पिरोगी होत्या, वर परतलेला कांदा, मोठ्या भांड्यात कॉफी, आणि दिओलिंडाने आणलेले लोण्याचे टार्ट. अख्खी गल्ली आली होती, सुतकाला यावं तशी तोंडं करून. तामाराही कॅमेरा घेऊन हजर होती.

"एकूण किती पडली ते पेपरात आलंय," मर्ना किलगरला म्हणाली. "आपल्या पेटीत किती, ते सांग."

किलगरने कॉफी ढवळली. आधीच ढवळलेली होती. "मर्ना, आकड्यांवर जाऊ नये माणसाने."

"किती?"

"एक."

लॉर्न पुढचं ऐकायला थांबला होता. पुढे काही नव्हतं.

"नीट मोजली का?" त्याने विचारलं.

"माझ्या डोळ्यांसमोर एकेक उलगडून दाखवली," किलगर म्हणाला. "एकच. फुली मात्र अशी ठसठशीत, कागद फाटायचा बाकी होता. मर्ना, जिद्दीची बाई आहेस तू."

मग सगळी गल्ली लॉर्नकडे वळली.

"लॉर्न," दिओलिंडा हळू आवाजात म्हणाली, "अरे, बायको आहे ती तुझी."

लॉर्नने तिच्या अंगणाकडे पाहिलं. दोन पिवळ्या पाट्या तिथे छान उभ्या होत्या. पलीकडे किलगरची, त्याच्या पलीकडे आणखी कोणाकोणाची. गल्ली मोहरीच्या शेतासारखी पिवळी होती, आणि या सगळ्यांच्यात मिळून एक मत नाही. आणि हेच त्याला निष्ठा शिकवत होते. त्याच्या तोंडात चांगली सणसणीत शिवी आली. आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. कागद फाटेपर्यंत दाबलेली ती फुली त्याची होती. पेटीत मत एक, आणि ते त्याचं. मग मर्नाचं कुठे गेलं?

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती टार्ट एका सरळ ओळीत लावत होती, मान वर न करता.

"जाऊ दे, दिओलिंडा," ती म्हणाली. "त्याचा स्वभावच तसा आहे. मला वाईट नाही वाटलं."

बायका तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाल्या. एकीने डोळे पुसले. तामाराने ती संधी साधली आणि मायक्रोफोन लॉर्नच्या तोंडापुढे धरला. "म्हणजे मिस्टर हॅल्चुक, विक्रम कायम?"

लॉर्नने तोंड उघडलं. ते मत माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटल्याबरोबर या गॅरेजमधल्या प्रत्येकाने एकातून एक वजा केलं असतं, आणि उद्या देशभर दाखवलं असतं की एल्महॉलोसाठी उभ्या राहिलेल्या बाईने स्वतःलासुद्धा मत दिलं नाही. लोक वर्षानुवर्षं हसले असते. तो चुकीचा ठरला तर चालण्यासारखं होतं, पण तिला हसलेलं त्याला सहन झालं नसतं.

"कायम," तो म्हणाला.

गल्लीने जिभेने च्च केलं. जाताना सगळ्यांनी आपापल्या अंगणातल्या पाट्या उपटून, माती झटकून, भिंतीशी नीट रचून ठेवल्या. सभ्य लोक. किलगरने रचलेल्या पाट्यांवर ताडपत्रीसुद्धा घातली, पुन्हा उपयोगी पडतील म्हणाला.

घर मोकळं झाल्यावर लॉर्न स्वयंपाकघरात गेला. मर्ना भांडी घासत होती. तो तिच्यामागे उभा राहिला.

"ते एक मत माझं होतं."

"कळलं मला," ती म्हणाली. "किलगर एक म्हणाला तेव्हाच."

"मग तुझं?"

"निळ्याला."

"मर्ना!"

"ओरडू नकोस. निळे येणार हे दिसत होतं. मत वाया कशाला घालवायचं?"

"पण तू उभी होतीस!"

"होते ना. नाव जायला नको होतं, ते खरंच होतं." तिने परात धुऊन पालथी घातली. "पण म्हणून मी कधी हरणाऱ्याला मत दिलेलं नाही, लॉर्न. पहिल्या निवडणुकीपासून एकदाही नाही. तू तिथे खिडकीत बसायचास आणि मी घरी टीव्हीसमोर बसून बघायचे. मला वाटायचं, कोणीतरी विचारेल, आणि तुम्ही, मिसेस हॅल्चुक? कोणी नाही विचारलं. तूही नाही."

लॉर्नला खरोखर आठवत नव्हतं की त्याने कधी तिला विचारलं असेल.

"मला वाटलं होतं तू निळ्यालाच देशील," मर्ना म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "द्यायला नको होतंस. मला आता बरं वाटतंय आणि वाईटही वाटतंय, आणि मला दोन्ही एकदम आवडत नाहीत."

"मी तुझ्यासाठी खोटं बोललो आज. सगळ्या देशासमोर."

"ते पाहिलं मी." तिने टॉवेलला हात पुसले आणि खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा करडा स्वेटर उचलून अंगाला लावून पाहिला, बाह्या जरा लांब होत होत्या. "पुढच्या वेळी ते आले ना, की त्यांना माझ्याकडे पाठव. या घरात कधीच न चुकलेलं आता एकच माणूस उरलंय."