नळीतला तुडतुडा

“बाई, ही माशी मावा खाते म्हणालीस. मग नळीत तुडतुडा कसा?” किड्यांचा अभ्यास करणाऱ्या साहेबांनी काचेची नळी उजेडात धरली.

झुंबरबाई खुरपं ठेवून उठली. मागे उभ्या भुजंगनं हिरवा डाग पडलेला अंगठा धोतराला पुसला.

परतूरजवळच्या निजाम सरकारच्या कपाशीच्या फार्मावर अकरा वर्षं तो माशा धरत होता. तिळाएवढ्या शिकारी माशा, कपाशीवरच्या मावा, तुडतुडे अशा बारीक किड्यांचा रस पिणाऱ्या. माशी आणि तिच्या तोंडचा किडा एकाच नळीत घालायचा, म्हणजे कोण कुणाला खातं ते कळे. वर धरणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. लिहिता दोघांत भुजंगलाच येई, आणि झुंबरबाईच्या नळ्यांवरही तो आपलंच नाव घाली. पण खुरपणारी ही बाई नुसत्या बसण्यावरून माशी ओळखते हे साहेबांना कळलं, आणि भुजंगच्या पोटात दुखू लागलं. काल तर तिनं त्यांच्या देखत जोडी धरली. “उद्यापासून नळ्या हिच्याकडेच देतो,” साहेब म्हणाले. भुजंगनं ते ऐकलं. सकाळी त्यानं त्या नळीतला मावा काढून तुडतुडा घातला.

झुंबरबाईनं नळी डोळ्याजवळ नेली. “ह्यो माशीनं खाल्लेला न्हाई, साहेब. ह्याच्यात रस तसाच हाय. तिनं पेला असता तर निस्तं टरफल उरलं असतं.”

“मग आत आला कसा?”

तिनं भुजंगच्या अंगठ्याकडे पाहिलं. डाग पुरता गेला नव्हता; भुजंगनं अंगठा मुठीत घेतला.

“माझ्याच हातून पडला आसंल,” झुंबरबाई म्हणाली. “गडबड झाली.”

“ह्या कामात गडबड चालत नाही,” साहेब म्हणाले. “भुजंग, नळ्या तुझ्याकडेच राहू दे.”

भुजंग जिंकला होता. तिनं चुगली केली असती तर भांडता तरी आलं असतं. आता तिच्या चांगुलपणाचाही त्याला हेवा वाटत होता.

दुपारी तिनं नवी जोडी आणून दिली. पायांत मावा धरलेली माशी, जशीच्या तशी. भुजंगनं टाक बुडवला आणि चिठ्ठीवर सावकाश लिहिलं: झुंबरबाई.

“लिव्हलं का तुमचं नाव?” तिनं विचारलं.

म्हणजे आपल्या नळ्यांवर कुणाचं नाव पडतं हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

“लिव्हलं,” तो म्हणाला, आणि तिला वाचता येत नसूनही ती सरीत जाऊन बसेपर्यंत त्यानं चिठ्ठीवर हात आडवा धरला.