पाटील की मामाजी

वकिलांना हवी असलेली सकाळ

मधुसूदन कुऱ्हाड विहिरीच्या हौदात टाकतो आणि थेट महादेवरावांच्या अंगणात येतो. म्हणतो, "मामाजी, मीनं रुपरावले मारलं." भाचा मामाकडे आला, मन मोकळं केलं. संपलं.

ही सकाळ सरकारी वकील मनोहररावांनी साक्षीच्या आदल्या संध्याकाळी, रामदासपेठेतल्या आपल्या घरी, महादेवरावांपुढे चहाच्या कपासारखी अलगद ठेवली. वकील सज्जन माणूस. खोटं बोला, असं एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की नीट आठवा. पोरगा जन्मभर तुम्हाला मामाजी म्हणत आला, तर नेमका त्याच दिवशी दुसरं काही कशाला म्हणेल?

महादेवरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

कायद्याला दिसणारी सकाळ

महादेवराव खाप्याच्या पलीकडच्या एका गावाचे पोलीस पाटील. खून झाला तेव्हा त्यांनीच ठाण्याला वर्दी दिली. जमादार आले, त्यांच्यापुढेही मधुसूदन सगळं बोलला, पण ते बोलणं कोर्टात शून्य. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्ट धरत नाही. पोलीस मनात आणतील तर मुक्याकडूनही भजन म्हणवून घेतील, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावं. पाहिलेलं कोणी नाही. कुऱ्हाड मधुसूदन आणि रुपराव यांच्या दोन्ही घरांच्या सामाईक विहिरीवरची, दोन्ही घरांनी वापरलेली, हौदातल्या पाण्यानं स्वच्छ धुतलेली.

राहिलं काय, तर जमादार येण्याआधी मधुसूदन महादेवरावांना जे बोलला ते.

आरोपीचे वकील म्हणत होते, पोलीस पाटील म्हणजेही पोलीसच. सरकारी वकील म्हणत होते, छे, तो गावातलाच एक शेतकरी. गावातले लोक फार आधीपासून म्हणत, आपला पाटील अर्धा पोलीस हाये, पण कोणता अर्धा ते त्याले सांगितलं नाही कोणी. न्यायाधीशांनी यातून वाट काढली होती: आरोपी त्या सकाळी कोणाकडे आला होता, सरकारच्या माणसाकडे की नात्यातल्या वडीलधाऱ्याकडे, ते आधी पाहू.

म्हणजे एका हाकेवर आलं सगळं. पाटील म्हणाला असेल तर कबुली गेली आणि मधुसूदन सुटला. मामाजी म्हणाला असेल तर कबुली राहिली आणि मधुसूदन अडकला.

इतवारीतली रात्र (हिच्यात सकाळ नाही)

महादेवरावांचा मुक्काम बायकोच्या भावाकडे होता. वामनराव इतवारीत भांडी विकत. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताटात भात ओढत म्हणाले, "जवाईबुवा, पाटील बी तुमीच, मामाजी बी तुमीच. मंग खोटं काय हाये त्याच्यात?"

वामनराव आपल्याच हुशारीवर खूश होऊन हसले आणि पुढे बोलत राहिले. रुपरावच्या बायकोचा, भागीरथेचा विचार करा म्हणाले. तिचा नवरा गेला, पोरं लहान. हा सुटून आला तर त्याच विहिरीच्या पलीकडच्या काठावर उभा राहील, आणि ती अलीकडच्या. विहीर काही कापून वाटून देता येत नाही.

यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. म्हणून तर महादेवराव ताटावरून उठले.

झालेली सकाळ

वीज तेव्हा सकाळीच यायची, मोटार सकाळीच चालायची, म्हणून ओलिताची सकाळची पाळी दोघांनाही हवी असायची. भांडण तेवढंच. महादेवरावांनी ते तीनदा मिटवलं होतं आणि तिन्ही वेळा ते मिटलं नव्हतं.

ते अंगणात दात घासत होते. मागून आवाज आला, "पाटील."

त्यांनी वळून पाहिलं ते मधुसूदनच्याही मागे. वाटलं, दुसरं कोणी आलंय. सारा गाव त्यांना पाटील म्हणे, पण या तोंडून ही हाक कधी आली नव्हती. मधुसूदनची आई गोपिका त्यांची चुलत बहीण; पोरगा बोलायला लागला तेव्हापासून मामाजी.

"पाटील, मीनं रुपरावले मारलं."

"बस गा," महादेवराव म्हणाले.

तो बसला नाही. बायकोनं, सुभद्रानं पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर, गडवा खाली ठेवताना, तो हळूच म्हणाला, "मामाजी, मायले तुमीच सांगा."

पुढे कित्येक दिवस महादेवराव या दोन हाकांच्या मधल्या जागेत अडकून होते. आधी मामाजी म्हटलं असतं, तर मामाला काहीतरी करावं लागलं असतं. लपव म्हणावं लागलं असतं, नाहीतर पळ म्हणावं लागलं असतं. पोरानं त्यांना त्यातून मोकळं केलं होतं. आपणहून बांधून घ्यायला आला होता तो, आणि नेमकं त्यामुळेच आता सुटणार होता.

कोर्टातली सकाळ

मनोहररावांनी विचारलं, आरोपी तुमच्या घरी आला तेव्हा त्यानं तुम्हाला काय म्हणून हाक मारली?

भागीरथा मागच्या बाकावर होती. मधुसूदन पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्यानं वर पाहिलं असतं, तर कदाचित महादेवरावांना सोपं गेलं असतं. कोणत्या बाजूनं, ते सांगता येत नाही.

"पाटील म्हणाला," महादेवराव म्हणाले.

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. "मामाजी नाही?"

"म्हणाला, पण मागून. पाणी पिऊन झाल्यावर. खुनाचं बोलला तेव्हा पाटील म्हणाला, आणि पाटील म्हणूनच मी ठाण्याले वर्दी दिली."

कबुली गेली. निकालाला दोन आठवडे लागले, पण केस त्याच वाक्यात संपली होती.

निकालानंतर

मधुसूदन सुटला त्या दिवशी भागीरथा कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली भावाची वाट पाहत बसली होती. तो रिक्षा आणायला गेला होता. महादेवराव तिच्याजवळ गेले. म्हणाले की तुह्या पाळीच्या दिवशी मी येऊन बसत जाईन विहिरीवर. तुले एकटीले जावं नाही लागणार.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमाले पाहिलं का मले आजचाच दिवस आठवन."

मग तिनं पदर नीट केला. रिक्षा फाटकातून आत वळताना दिसली, तेव्हा ती उठली.

"तुमी खरं बोलले. मी काई म्हणत नाही त्याच्यावर. पण त्याले जाऊन सांगा. सकाळची पाळी आता माही. बारा महिने."

महादेवरावांनी कधी सांगू ते विचारलं.

"आजच सांगा," भागीरथा म्हणाली. "उद्या मोटार मी लावणार हाये."