गुलबानोची खाट

टेंभुर्णीच्या पुढं टेम्पो घेऊन निघालो होतो, तेव्हा महादेवीचा फोन आला. म्हणाली, "शेखलालभाऊ, आधी गाडी बाजूला घ्या." तेवढ्यावरूनच मला कळलं. माझी बायको गुलबानो दवाखान्यात होती, तिला रक्त चढवणं चालू होतं. ती गेली.

सोलापुरात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात ती आणि महादेवी शेजारी बसायच्या. गुलबानो कॉलर लावायची. तिला गर्भाशयाचा आजार होता. पाळी आली की रक्त फार जायचं, उभं राहता यायचं नाही. मग बायका तिला कापडाच्या गठ्ठ्यांमागं निजवायच्या आणि तिच्या कॉलरी आपसांत वाटून घ्यायच्या. मालक धुळाप्पा शेठनं विचारलं की महादेवी सांगायची, "तिचं मशीन बिघडलंय." पुरुषाला पाळीचं कसं सांगायचं, म्हणून सगळ्यांनी हेच ठरवलेलं.

शेठनं आधी मेकॅनिक बदलला. मग एक दिवस नवं कोरं मशीन आणलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "गुलबानोला बोलवा, पहिली कॉलर तिनंच लावायची." ती नेमकी गठ्ठ्यांमागं निजलेली. भिंत धरत पुढं आली.

"शेठ, मशीन जुनंच चांगलं होतं. बिघडते ती मी. दर महिन्याला."

शेठ छताकडं बघत म्हणाला, "अगं, मग आधी सांगायचं की! त्या मेकॅनिकला मी काय काय बोललो!"

"त्याची माफी मागा. आम्हाला खाट द्या."

खाट आली, पडदाही आला. त्या दिवसांत तिला बसून धागे कापायचं काम, पगार तोच. घरी हे सांगताना ती पोट धरून हसत होती. "हसवू नका, दुखतंय," मला म्हणाली. मी कुठं हसवत होतो? तीच सांगत होती.

ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच सगळं झालं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तिची कात्री न् डबा आणायला कारखान्यात गेलो. खाटेवर गठ्ठे रचलेले होते.

"शेठ म्हणत्यात, ती गुलबानोपुरती व्हती," महादेवी म्हणाली. "आता ही नवी इफ्रा. तिला बी लई त्रास हाय. मशीनवर डोकं टेकून बसती, पण तोंड उघडत न्हाय."

"मग तुम्ही सांगा की."

"आमी? गुलबानोसारखी जीभ कुटनं आणू?"

मग मीच शेठकडं गेलो. पाळी हा शब्द मी कधी पुरुषासमोर काढला नव्हता. म्हणालो, "शेठ, पाळीच्या बायकांची खाट मोकळी करा. तिनं एकटीसाठी मागितली नव्हती."

शेठ उठला आणि एक गठ्ठा उचलला. दुसरा मी उचलला.

आता इफ्रा तिथं निजते. दुसऱ्याही जातात. पण जी निजेल तिचा त्या वेळेचा पगार शेठ कापतो. गुलबानोचा कापत नव्हता. ते बोलायचं अजून राहिलं आहे.