छे छे म्हणायचं राहिलं

रुपालीला कॉलेजात ओढून नेलं ते कांचननंच, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

अमेरिकेत, नोव्हायमध्ये कांचननं अठ्ठावीस वर्षं काढली होती. नवरा गिरीश मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगा अथर्व शिकून सिअ‍ॅटलला गेलेला. पुण्याहून फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास घेऊन ती इथे आली, तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. परवानगी आली तेव्हा अथर्वची शाळा होती, आणि शाळा संपली तेव्हा सासूबाईंचं आजारपण. 'तू काय करतेस?' असं कोणी विचारलं की ती 'सध्या घरीच' म्हणायची. हे 'सध्या' फारच लांबलं होतं. शेवटी चोपन्नाव्या वर्षी तिनं कम्युनिटी कॉलेजात आयटीच्या सर्टिफिकेटला नाव घातलं, आणि विशीतल्या पोरांत एकटीनं बसायचा संकोच वाटला म्हणून मागच्या गल्लीतल्या रुपालीला बरोबर घेतलं.

रुपाली चौतीस वर्षांची, वर्ध्याकडची. बी. ए. अर्धवट सोडून विनयशी लग्न केलेली. बेसमेंटमध्ये मशीन टाकून ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून द्यायची. हायवेची धास्ती घेतल्यामुळे गाडी चालवत नव्हती. कांचनला ती काकू म्हणायची, आणि 'अगं, ताई म्हण' असं दोनदा सुचवूनही काकूच म्हणत राहिली होती.

पहिला महिना कांचनच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा महिना होता. जाताना येताना ती गाडीत रुपालीला शिकवायची. रुपाली वहीत लिहून घ्यायची आणि म्हणायची, "काकू, तुम्ही किती छान समजावता. ते सर बोलतात ते तर माझ्या डोक्यावरूनच जाते." कांचनला वाटायचं, आपण मुळात शिक्षकच व्हायला हवं होतं.

मग केबलचं प्रॅक्टिकल आलं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ रंगांच्या बारीक तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमानं प्लास्टिकच्या टोकात बसवून चिमट्यानं दाबायच्या. कांचनला क्रम तोंडपाठ होता, पण बोटं ऐकेनात. तिची चौथी केबल फुकट गेली तोवर रुपालीनं अकरा करून ठेवल्या होत्या, आणि शिकवणारे डॅरेल सर एकेक केबल तपासणीच्या डबीला लावून आठही दिवे लागलेले वर्गाला दाखवत होते. "हे कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं. "ब्लाउज," रुपाली इंग्रजीत म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. कांचनही हसली. त्या दिवशी परतताना तिनं गाडीत रेडिओ लावला.

त्यानंतर तिला रुपालीचं सगळंच खटकायला लागलं. तिचं मोडकं इंग्रजी खटकायचं, आणि त्या मोडक्या इंग्रजीत ती बिनधास्त प्रश्न विचारायची ते जास्त खटकायचं. डॅरेल सर तिचं नाव बरोबर उच्चारायचे आणि कांचनला 'कॅन्चन' म्हणायचे. लेखी परीक्षेत कांचनला अठ्ठ्याण्णव मिळाले आणि रुपालीला एकाहत्तर, पण त्याचा आनंद जेमतेम पार्किंग लॉटपर्यंत टिकला, कारण रुपालीला एकाहत्तरचं काही वाटलंच नव्हतं. घरी भाजी चिरताना कांचन मनातल्या मनात तिच्याशी भांडायची. आपण जळतोय हे तिला कळत होतं. ज्या मुलीला आपण हाताला धरून नेलं तिच्यावर जळतोय याची लाजही वाटत होती. जळफळाट मात्र कमी होत नव्हता.

एप्रिलमध्ये डॅरेल सरांनी सांगितलं की कॉलेजच्या हेल्प डेस्कवर एक जागा निघाली आहे. विद्यार्थ्यांचे आणि मास्तरांचे बिघडलेले कॉम्प्युटर नीट करायचे. शेवटच्या प्रॅक्टिकलला डेस्कची मॅनेजर शॅनन स्वतः येणार आणि एकाला निवडणार. गळ्यात फोटोचं ओळखपत्र मिळणार होतं. कांचनकडे या देशात स्वतःच्या नावाचं गळ्यात घालण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री तिनं गिरीशला सांगितलं, "मला ही जागा हवीये. बाकी काही नको." रुपालीनंही दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं, "काकू, मलापण तिथे करावंसं वाटते. घरी मशीनसमोर बसून कोणाशी बोलणंच होत नाही." कांचन म्हणाली, "बघू या ना."

प्रॅक्टिकलला जोड्या होत्या, आणि या दोघी अर्थातच एकत्र. त्यांच्या टेबलावरचा एक कॉम्प्युटर काही केल्या नेटवर्कवर येत नव्हता. बिघाड मुद्दाम केलेला होता, तो शोधायचा. कांचन स्क्रीनसमोर बसली आणि एकामागून एक सेटिंग उघडून बघायला लागली. पंचवीस मिनिटं गेली. रुपाली खाली वाकून केबलवरून बोट फिरवत भिंतीपर्यंत गेली, तिथल्या सॉकेटची पट्टी उघडली आणि म्हणाली, "काकू, इथे हिरवी नि निळी उलटी लावलीय." तिनं दोन तारा बदलल्या. कॉम्प्युटर चालू झाला. सगळ्यात आधी केबल तपासावी, हे उत्तर कांचननं लेखी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले होते.

डॅरेल सर आणि शॅनन टेबलापाशी आले. शॅननच्या हातात पॅड होतं. तिनं विचारलं, "बिघाड कोणी शोधला?"

रुपालीनं मान कलती केली, हसली, आणि कांचनच्या दंडाला हात लावून आपल्या इंग्रजीत म्हणाली, "नो नो, ऑल कांचनकाकू. आय ओन्ली सिट विथ हर."

यात विशेष काही नव्हतं. कोणी स्वयंपाकाचं कौतुक केलं तर सून म्हणते, सगळं आईंनी केलं, आणि आई म्हणते, छे छे, मी काय केलं, हिनंच केलं. आपल्यात मोठ्या माणसाला असं पुढे करतात, आणि मोठ्या माणसानं ते परत करायचं असतं. हे कांचनला कोणी शिकवायची गरज नव्हती. 'छे छे' तिच्या जिभेवर आलंही होतं.

शॅनन पॅडवर लिहायला लागली. तिच्या दृष्टीनं एका बाईनं सांगितलं होतं की काम दुसऱ्या बाईनं केलं, आणि विषय संपला होता. कांचननं रुपालीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "थँक यू."

दुसऱ्या दिवशी ई-मेल आली. सोमवारपासून यावं, ओळखपत्राचा फोटो सकाळी काढला जाईल. रुपालीनं फोनवर "अभिनंदन, काकू" म्हटलं, त्यापलीकडे एक अक्षर नाही. कांचनला वाटलं होतं, आता पोटातलं दुखणं थांबेल. पण आता तिला रुपालीच्या त्या दोन शब्दांचाच हेवा वाटायला लागला. आपल्याला असं म्हणता आलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

शनिवारी कांचनकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी असायचं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि झोपाळ्यात गौर. वीसेक बायका जमल्या होत्या. रुपालीही आली, आणि न सांगता पन्ह्याचे ग्लास भरायला लागली. वैदेहीमावशी, मंडळातल्या सर्वांत जुन्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कांचन, ऐकलं बरं का. या वयात जॉब! काय डोकं आहे गं तुझं."

कांचनच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "छे छे, मावशी. मला काही आलं नाही. बिघाड रुपालीनं शोधला. मी नुसती बसले होते."

खोलीभर कौतुकाची कुजबुज झाली. "बघा, किती नम्र," कोणीतरी म्हणालं. "अशीच आहे ती पहिल्यापासून," दुसरी म्हणाली. कांचन पुन्हा म्हणाली, "नाही हो, खरंच सांगतेय," तर मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं बोलायची संधी तिनं अशा ठिकाणी घेतली होती, जिथे ते खरं म्हणून कोणी घेणारच नव्हतं.

मग सगळ्यांच्या नजरा रुपालीकडे वळल्या. आता तिनं 'छे छे काकू' म्हणायचं होतं. रुपालीनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "हो. मीच शोधला."

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. रुपाली हसली नाही.

निघताना ती दारात चप्पल घालत होती. कांचननं तिच्या ओटीत हरभरे घातले. रुपाली हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी तिथे थांबली होती. तुम्ही म्हणाल असं वाटलं होतं."

सगळे गेल्यावर कांचन भांडी तशीच टाकून लॅपटॉपपुढे बसली. शॅननला तिनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. बिघाड रुपालीनं शोधला, मी शोधला नाही, त्या वेळी मी गप्प राहिले, जागा तिला द्या. वाचून पाहिलं. यावर नम्र म्हणून कोणी पाठ थोपटणार नव्हतं. शॅनन हे जसंच्या तसं धरणार होती. कांचनला ओळखपत्राची दोरी आठवली आणि रडू आलं. रडतच तिनं ई-मेल पाठवून दिली.

रविवारी संध्याकाळी शॅननचं दोन ओळींचं उत्तर आलं. पाठोपाठ रुपालीचा फोन. ती बराच वेळ नुसती रडत होती, मग म्हणाली, "काकू, पण मी जाऊ कशी? विनयची सात वाजता मीटिंग असते."

"साडेसातला तयार राहा," कांचन म्हणाली. "मी सोडते."

फोन ठेवल्यावर पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं. तिनं घड्याळात पावणेसातचा गजर लावला.